खाऱ्या हवेत टिकेल असा भिंगाचा दिवा कोणता घ्यावा?

धागाकर्ता (हर्णै, होड्यांवरील उपकरणांची दुरुस्ती)

नमस्कार. हर्णै बंदरापासून चालत दहा मिनिटांवर माझे दुरुस्तीचे दुकान आहे. मासेमारीच्या होड्यांवरचे जीपीएस, फिशफाइंडर (मासे शोधणारे यंत्र), व्हीएचएफ रेडिओ संच आणि त्यांचे चार्जर हे माझे रोजचे काम. चाळिशी लागून सात वर्षे झाली, त्यामुळे टेबलाला लावलेल्या भिंगाच्या दिव्याशिवाय बारीक सोल्डरिंगला हात घालता येत नाही. गेल्या पाच वर्षांत माझे असे दोन दिवे निकामी झाले. तिसरा घेण्यापूर्वी किनाऱ्यावर काम करणाऱ्या जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला दिवा उघड्या स्प्रिंगांचा, दोन दांड्यांचा होता. पहिल्याच पावसाळ्यात स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्ये तांबूस पूड दिसू लागली. दुसऱ्या वर्षी श्रावणात एका सकाळी वरच्या जोडीतील एक स्प्रिंग आकड्यापाशी तुटली आणि दिव्याचे डोके खाली उघडून ठेवलेल्या व्हीएचएफ संचाच्या पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या पाटीवर, आदळले. संच एका तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, होता. नुकसान मी भरून दिले. त्या दिव्याचे भिंग ॲक्रिलिकचे होते. सोल्डरिंग करताना उडालेला फ्लक्स मी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसत असे. काही महिन्यांनी भिंगाच्या कडेपासून आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा पसरल्या, आणि मग दिवा लावला की भिंगातून वस्तूपेक्षा त्या रेषाच अधिक दिसत.

दुसरा दिवा एलईडीच्या कड्याचा होता. त्याचा प्रकाश चांगला होता, दांडाही बरा होता. ऑक्टोबरच्या एका वादळी संध्याकाळी विजा कडाडल्या आणि दिवा कायमचा विझला. उघडून पाहिले तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना योग्य वीज पुरवणारा भाग, डोक्याच्या आत राळेसारख्या पदार्थात बुडवून चिकटवलेला. विक्रेत्याने सांगितले की सुटा भाग मिळत नाही, नवा दिवा घ्या. बाकी सगळे धडधाकट असताना एवढ्याशा भागासाठी पूर्ण दिवा टाकून द्यावा लागला, याची खंत अजून मनात आहे.

माझी अडचण अशी आहे की आमच्या कामाचा खरा हंगाम नेमका पावसात येतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या (झाकून ठेवलेल्या) असतात आणि त्यांवरचे संच दुरुस्तीला उतरतात. म्हणजे हवेत ओल सर्वांत जास्त असते त्याच दोन महिन्यांत दिवा रोज आठ-नऊ तास चालतो. भिंग किती शक्तीचे घ्यावे, काच घ्यावी की ॲक्रिलिक, आणि दांडा कसा पारखावा, याविषयी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ (चिपळूण, निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक)

आपण प्रश्न नीट मांडला आहे, म्हणून भिंगाच्या शक्तीपासून सुरुवात करतो. जाहिरातीत कधी ‘डायॉप्टर’ लिहिलेले असते, तर कधी ‘एक्स’. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गिऱ्हाईक फसते ते येथेच. १ मीटरला डायॉप्टरने भागले की नाभीय अंतर मिळते. त्यामुळे ३ डायॉप्टरच्या भिंगाचे नाभीय अंतर सुमारे ३३ सेंटीमीटर, ५ चे २० आणि ८ चे साडेबारा. प्रतिमा किती पट मोठी दिसेल हे काढायला डायॉप्टरला ४ ने भागून त्यात १ मिळवतात. म्हणून ३ डायॉप्टर म्हणजे १.७५ पट, ५ म्हणजे २.२५ पट आणि ८ म्हणजे ३ पट. ‘८ एक्स’ आणि ‘८ डायॉप्टर’ यांत किती अंतर आहे, ते यावरून लक्षात येईल.

वस्तू नाभीय अंतराच्या किंचित आत धरावी लागते. आपल्याला भिंगाखाली सोल्डरिंग आयर्न धरायचे आहे. ८ डायॉप्टरच्या भिंगाखाली हाताला पुरेशी जागा उरत नाही, आयर्नची मूठ चौकटीला आपटते आणि फ्लक्सचा धूर थेट काचेवर बसतो. शिवाय शक्ती वाढली की खोलीचा पल्ला कमी होतो, म्हणजे पीसीबीचा पृष्ठभाग स्पष्ट दिसतो तेव्हा उंच कपॅसिटरचा माथा धूसर होतो आणि मान सतत वरखाली करावी लागते. माझ्या मते आपल्या कामाला ५ डायॉप्टर योग्य ठरेल. त्यापेक्षा बारीक काम, उदाहरणार्थ १ बाय ०.५ मिलिमीटरचे रेझिस्टर बदलणे, भिंगाच्या दिव्याकडून अपेक्षू नये. त्यासाठी दोन डोळ्यांचा स्टिरिओ मायक्रोस्कोपच हवा.

भिंगाचा व्यासही पाहावा. माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर साधारण ६३ मिलिमीटर असते, म्हणून ५ इंचांच्या म्हणजे १२७ मिलिमीटरच्या भिंगातून दोन्ही डोळ्यांनी सहज पाहता येते. भिंग लहान असेल तर माणूस नकळत एक डोळा मिटतो आणि संध्याकाळी डोके धरते.

दुकानात शक्ती तपासण्याची एक सोपी रीत सांगतो. दुकानाच्या दूरच्या दाराकडे भिंग धरावे आणि पलीकडे कोरा कागद पुढेमागे सरकवावा. दाराची उलटी प्रतिमा कागदावर रेखीव उमटली की भिंग आणि कागद यांतले अंतर सेंटीमीटरमध्ये मोजून १०० ला त्याने भागावे. २० सेंटीमीटर आले तर भिंग ५ डायॉप्टरचे. दार पाच-सात मीटर दूर असेल तर उत्तरात किंचित फरक पडतो, पण ३ ला ५ म्हणून विकलेले भिंग निश्चित पकडता येते. आलेखाचा कागदही सोबत न्यावा. भिंगाखाली धरल्यावर मधल्या दोन-तृतीयांश भागात रेषा सरळ दिसल्या पाहिजेत. कडेला त्या थोड्या वाकणारच.

प्रतिसाद २ (रत्नागिरी, घड्याळ दुरुस्ती)

सरांशी पूर्ण सहमत आहे. काच की ॲक्रिलिक, याबाबत माझे मत निःसंदिग्ध आहे: किनाऱ्यावर काचच घ्यावी. येथल्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, ‘मोह्स’ या कठिणतेच्या मापावर ७ चा. काच साधारण साडेपाचाची, तर ॲक्रिलिक ३ च्या आसपासचे. कोरड्या फडक्याचा एक हात फिरला तरी ॲक्रिलिकवर ओरखडे उठतात. आयपीए, थिनर, ॲसिटोन यांनी त्याला तडे जातात, हे आपण अनुभवलेच आहे. ओळखायची खूण अशी की काच गालाला लावल्यावर थंड लागते आणि नखाने टिचकी मारली की आवाज टणक येतो. वजनावरूनही कळते, कारण काचेची घनता सुमारे २.५ आणि ॲक्रिलिकची १.१९ असते. मात्र हेच वजन दांड्याला पेलायचे आहे, हे विसरू नये. काचेचे भिंग आणि फुटकळ दांडा असा दिवा महिन्याभरात मान टाकतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुद्दाम लिहायला बसलो ती सांगतो. माझे टेबल पश्चिमेच्या खिडकीशी आहे. मागच्या हिवाळ्यात मी दुपारी जेवायला घरी गेलो, आणि दिव्याचे डोके तसेच टेबलावर उघडे राहिले. परत आलो तेव्हा दुकानात लोकर जळाल्याचा वास भरला होता. टेबलावर अंथरलेल्या हिरव्या बनातीवर बोटभर लांबीची, काडीएवढ्या रुंदीची काळी रेघ उमटली होती आणि तिच्या एका टोकातून अजून धूर निघत होता. सूर्य जसा सरकला तसा भिंगातून एकवटलेला उन्हाचा ठिपका बनातीवरून चालत गेला होता. रेघेच्या वाटेत, दोन बोटांवर, पेट्रोलची वाटी होती. मी दुकान वाचल्याबद्दल देवापुढे नारळ ठेवला आणि त्याच दिवशी झाकण असलेला दिवा आणला. दिव्यासोबत बिजागरीचे झाकण नसेल तर जाड सुती कापडाची खोळ शिवून घ्यावी. काम थांबले की, अगदी चहाला उठलात तरी, भिंग झाकलेच पाहिजे. आपल्या टेबलावर आयपीए आणि थिनर असते, म्हणून हे कळकळीने सांगत आहे.

खोळ प्लॅस्टिकची नको. अंधार, ओल आणि कोंदट हवा मिळाली की काचेवर बुरशीचे तंतू धरतात, आणि जुनी बुरशी काचेवर कायमचे व्रण ठेवते. सुती कापडातून हवा खेळती राहते.

प्रतिसाद ३ (लोटे, कारखान्यातील उपकरण देखभाल)

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. तरीही धागाकर्त्याचे दोन्ही दिवे भिंगामुळे गेले नाहीत, याकडे लक्ष वेधतो. पहिल्याचा जीव स्प्रिंगने घेतला आणि दुसऱ्याचा ड्रायव्हरने. म्हणून निवड करताना सर्वाधिक वेळ दांडा, सांधे आणि वीज यांवर द्यावा.

स्प्रिंगांनी तोललेला दांडा ही जॉर्ज कार्वर्डाइन या इंग्लिश अभियंत्याची १९३२ची कल्पना. ती नॉर्वेच्या जेकब जेकबसन यांनी १९३७मध्ये लक्सो दिव्यात वापरली, आणि आजचे बहुतेक भिंगाचे दिवे त्याच वंशातले आहेत. रचना उत्तम आहे, पण तिचा सगळा भार ताणलेल्या पोलादी तारेवर असतो, आणि ताणलेली तार गंजली की आकड्याच्या वळणावर तुटते, कारण तेथे ताण सर्वांत जास्त असतो. आपल्याकडे गंज इतका वेगाने का चढतो, याचे कारण सांगतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील मीठ धातूवर बसते. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ते मीठ स्वतःच ओलावा ओढून विरघळते. पावसाळ्यात आपली आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वरच असते, म्हणजे स्प्रिंगवर पावसाचा थेंबही पडला नाही तरी ती चार महिने खाऱ्या पाण्याच्या पातळ थरात बुडालेली असते. घरातल्या खिळ्यांचे, कड्या-कोयंड्यांचे जे होते तेच येथे होते.

यावर दोन मार्ग आहेत. एक, स्प्रिंगा दांड्याच्या चौकोनी नळीच्या आत झाकलेल्या असतील असा दिवा घ्यावा. दुसरा, उघड्या स्प्रिंगांचा चांगला दिवा मिळाला तर त्या स्प्रिंगा स्टेनलेसच्या करून घ्याव्यात. साधे ३०४ प्रतीचे स्टेनलेस खाऱ्या हवेत तांबूस डाग धरते. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते क्लोराइडला अधिक तोंड देते. मात्र स्टेनलेसची तार त्याच जाडीच्या कार्बन पोलादाच्या तारेपेक्षा साधारण दहा टक्के नरम असते, त्यामुळे हुबेहूब मापाची स्प्रिंग घातली तर दिव्याचे डोके हळूहळू खाली येते. तार किंचित जाड घ्यायला सांगावे.

सांध्यांविषयी एक चूक सर्रास होते. सांधा कुरकुरला की लोक त्यात तेल सोडतात. ज्या सांध्यात फायबरचे किंवा नायलॉनचे वायसर असतात तो सांधा घर्षणावरच उभा असतो, आणि तेल लागले की दिवा जागेवर थांबत नाही. स्प्रिंगांना ग्रीसचा पातळ हात द्यावा, सांध्यांना कदापि नाही. ॲल्युमिनियमच्या दांड्यात लोखंडी स्क्रू असतील तर त्या जोडावर पांढरी पूड धरते आणि स्क्रू जाम होतो. दिवा नवा असतानाच एकेक स्क्रू काढून, ग्रीस लावून परत बसवावा.

विजेच्या बाबतीत माझा आग्रह आहे की १२ व्होल्टचा आणि बाहेर सुटा अडॅप्टर असलेला दिवा घ्यावा. वीज पडून उसळी आली तर बहुधा अडॅप्टर जातो, आणि तो कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळतो. फक्त त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. २३० व्होल्टची तार दांड्याच्या कोपरातून रोज वाकत असेल आणि तिच्यावरचे आवरण स्प्रिंगच्या कडेने सोलले गेले तर अख्खा दांडा विजेने भारला जाऊ शकतो. ओल्या हाताने काम करणाऱ्याने हा धोका पत्करू नये.

प्रतिसाद ४ (मालवण)

१२ व्होल्टला माझा पूर्ण दुजोरा. वादळात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस नसते, तेव्हा माझा दिवा होडीच्या बॅटरीवर चालतो. मध्ये फ्यूज मात्र अवश्य घालावा.

प्रतिसाद ५ (सावंतवाडी, गंजिफाचे चित्रकाम)

माझे काम वेगळे आहे, पण दिवा तोच, म्हणून प्रकाशाविषयी लिहिते. गंजिफाच्या गोल पानावर दशावताराची आकृती काढताना कुंचल्याचे टोक केसाएवढे असते आणि लाल रंगाच्या दोन छटा शेजारी शेजारी येतात. माझ्या पहिल्या एलईडी दिव्याखाली त्या दोन्ही छटा सारख्याच तपकिरी दिसत, आणि सकाळी पडवीत पान उजेडात धरले की चूक कळे. रंग खरे दिसण्याचे माप सीआरआय या अंकाने सांगतात. ते ९० किंवा अधिक असावे आणि प्रकाश ४,००० ते ५,००० केल्विनचा असावा, असे माझ्या अनुभवाने सांगते. दादांच्या कामातही रेझिस्टरवरचे लाल, नारिंगी आणि तपकिरी पट्टे ओळखावे लागतात, त्यामुळे हा मुद्दा त्यांनाही लागू आहे.

दुसरे असे की कड्याच्या दिव्याचा प्रकाश सर्व बाजूंनी सारखा पडतो, सावली उरत नाही, आणि सावली नसली की उंचसखलपणा दिसत नाही. रंगाचा थर कोठे जाड बसला ते मला एका बाजूने येणाऱ्या प्रकाशातच समजते. काही दिव्यांत अर्धे कडे वेगळे लावता येते. तसा मिळाला तर जरूर घ्यावा.

दिवा लुकलुकतो का, हे पाहण्यासाठी त्याच्या प्रकाशात पेन्सिल झपाझप हलवावी. ती सलग पुसट दिसली तर ठीक, पण तुटक-तुटक अनेक पेन्सिली दिसल्या तर दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत आहे, असे समजावे. त्याने माझे डोळे अर्ध्या तासात दुखू लागत.

धागाकर्ता

ताईंचा अर्ध्या कड्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. होडीच्या हादऱ्यांनी कनेक्टरच्या पायाभोवती सोल्डरला जी केसासारखी गोल चीर पडते, ती कड्याच्या सपाट उजेडात हमखास नजरेतून सुटते आणि पीसीबी तिरका धरला की लगेच चमकते. आजवर मी ते केवळ सवयीने करत होतो, त्यामागचे कारण आता समजले.

आणखी एक शंका आहे. माझे टेबल आईनाच्या जाड फळीचे आहे आणि बहुतेक दिव्यांचा क्लॅम्प तिच्यावर बसत नाही. मागची भिंत जांभ्याची आहे. भिंतीत बसवावा का?

प्रतिसाद ३ (लोटे)

जांभा सच्छिद्र असल्याने त्यात प्लॅस्टिकचा प्लग धरत नाही. आज घट्ट वाटतो आणि दांडा रोज ओढला की भोक मोठे होत जाते. भिंतच वापरायची असेल तर खोल भोक पाडून त्यात सिमेंटमध्ये बोल्ट बसवावेत, त्यांवर सागाची फळी घट्ट करावी आणि दिव्याची बैठक त्या फळीवर स्क्रूने लावावी. परंतु आपली फळी आईनाची आहे, तर क्लॅम्पचा विचारच सोडावा आणि टेबलाच्या फळीत आरपार भोक पाडून दिव्याची खुंटी थेट तिच्यात बसवावी. हाताने ठोकाठोक केली तरी टेबल आणि दिवा एकत्र हलतात, त्यामुळे प्रतिमा स्थिर राहते.

धागाकर्ता (गणपतीनंतर)

सर्वांच्या सल्ल्याने मेच्या अखेरीस दिवा घेतला आणि पूर्ण पावसाळा त्यावर काम केले, म्हणून अनुभव नोंदवतो. भिंग काचेचे, ५ इंची, ५ डायॉप्टर. दुकानात सरांनी सांगितल्याप्रमाणे दाराची प्रतिमा कागदावर घेतली. पहिल्या दोन दिव्यांवर ५ लिहिलेले असूनही अंतर तीस सेंटीमीटरच्या वर भरले, तिसऱ्याचे एकवीस भरले आणि तोच घेतला. विक्रेत्यालाही ही रीत ठाऊक नव्हती. त्याने ती लिहून घेतली.

स्प्रिंगा नळीच्या आत आहेत. अडॅप्टर सुटा, १२ व्होल्टचा आहे. जुलैमध्ये तो एकदा गेला आणि दुसऱ्या दिवशी दापोलीहून नवा आणून लावला. काम एकच संध्याकाळ थांबले. अर्धे कडे वेगळे लागणारा दिवा मिळाला नाही, म्हणून कड्याच्या अर्ध्या भागावर सरकवता येईल अशी काळ्या पुठ्ठ्याची पट्टी करून घेतली आहे. सोल्डरची चीर शोधताना ती पुढे सरकवतो. खोळ माझ्या आईने जुन्या मांजरपाटाची शिवून दिली आहे.

काचेवर मिठाचा पातळ चिकट थर दर आठवड्याला बसतो. आधी फुंकणीने धूळ उडवून, मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्याने पुसून, शेवटी कोरडे सुती कापड फिरवतो. अद्याप बुरशी दिसलेली नाही.

एकच उणीव आढळली. डोक्याच्या सांध्यातील स्क्रू साध्या लोखंडाचा होता आणि ऑगस्टमध्ये त्याच्या माथ्यावर गंज आला. बंदरावर होड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानातून एम ५ मापाचा ३१६ स्टेनलेसचा स्क्रू आणून, ग्रीस लावून बसवला. वायसर कोरडेच ठेवले आहेत.